नवा गेमिंग लॅपटॉप, अकोल्याचा मे महिना आणि ९७ अंश

पासबुक | ७ मे, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

बारा दिवसांपूर्वी गेमिंग लॅपटॉप घेतला. घरी सांगितलंय की मुलाच्या अभ्यासासाठी. मुलगा पाचवीत आहे, त्यामुळे हे कुणालाच पटलेलं नाही. इंटेलचा आय७-१२७००एच प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि विटेएवढा अडॅप्टर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

अडचण अशी: जीटीए ५ हा गेम सुरू केला की दहाव्या मिनिटाला प्रोसेसर ९७ अंशांवर. पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. डब्ल्यूच्या कळेवर बोट ठेववत नाही. हेही चाललं असतं, पण ९० वर चाललेला एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मध्येच ४५ वर येतो, दोन मिनिटांनी परत ९०, परत ४५. गाडी चालवतोय की बैलगाडी तेच कळत नाही.

मुक्काम अकोला. दुपारी बाहेर ४४ अंश. खोलीत कूलर आहे, एसी नाही. बदलून घ्यायची मुदत सात दिवसांची होती, ती गेली. प्रश्न एवढाच की हा बिघाड आहे की गेमिंग लॅपटॉप असेच असतात? आणि कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) घेऊ का?

एफपीएस_पुजारी | ८ मे, रात्री १२.०५

९७ नॉर्मल आहे दादा. माझा पण जातो. खेळत राहा.

खटपट्या | ८ मे, सकाळी ७.३०

पुजारीबुवा, अर्धं बरोबर आहे, पण अर्ध्यावर सोडू नका.

पासबुक, आधी भीती काढतो. १२७००एचची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. इंटेलच्याच कागदावर त्याची मूळ वीज ४५ वॅट आणि टर्बोतली (म्हणजे वाढीव वेगातली) कमाल ११५ वॅट. त्याच डब्यात तुमचं ४०६०, तेही ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतं. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत दोघांच्या तांब्याच्या नळ्या एकमेकांना जोडलेल्या असतात, म्हणजे एक तापला की दुसऱ्यालाही झळ. एवढ्याशा डब्यातून एवढी उष्णता दोन पंख्यांनी बाहेर फेकायची आहे. ९०च्या घरातला आकडा दिसणं हा काही आजार नव्हे.

आजार आहे तो ९० चे ४५ होणं. म्हणून नुसतं तापमान बघू नका, त्या वेळी क्लॉक (प्रोसेसरचा वेग) किती आणि वॅट किती ते बघा. एचडब्ल्यूइन्फो नावाचा हे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या, फुकट आहे. फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवडा, अर्धा तास खेळा आणि मग इथे लिहा: प्रत्येक कोअरचं (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकेका भागाचं) कमाल तापमान, प्रोसेसरचे एकूण वॅट, क्लॉक, थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग घटवण्याच्या) ओळीत होय की नाही, आणि खोलीचं तापमान. शेवटचं साध्या थर्मामीटरने मोजा, फोनवरचं हवामान नको.

कूलिंग पॅडचे पैसे सध्या खिशातच ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा | ८ मे, सकाळी ९.१०

काहून घाबरता राजेहो, आपल्याकडं ४४ ले मानूस तापते, थे तर यंत्र हाय! पन एक सांगतो, लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर ठेवू नका बरं. मागच्या साली मी तेच केलं. ताटीतले थेंब उडून तीन बटनं गेली.

शंकासुर | ८ मे, सकाळी ९.४०

दमट हवेने काही होत नाही. दव पडतं ते हवेपेक्षा गार वस्तूवर, आणि लॅपटॉप तर हवेपेक्षा गरम. शास्त्र वाचा.

वऱ्हाडी_ठेचा | ८ मे, सकाळी ९.५५

दव नाही म्हटलं भाऊ, थेंब म्हटलं. आन् आमचा खारपानपट्टा हाय, पानी खारं. थेंब सुकला की मागं पांढरा मिठाचा ठिपका उरते. थो ठिपका बोर्डावर बसला की तुमचं शास्त्र काय करन?

शंकासुर | ८ मे, सकाळी १०.२०

मान्य. खाऱ्या पाण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

(स्क्रीनशॉट काढून ठेवा लोकहो, मी मान्य केलं.)

थंडगार | ८ मे, दुपारी १.१५

जर्मनीतून लिहितोय, त्यामुळे उन्हाळ्यावर बोलायचा अधिकार नाही हे कबूल. पण हिशोब सोपा आहे. लॅपटॉप भोवतालच्या हवेनेच गार होतो. पंखे पूर्ण वेगात असतील आणि वीज तेवढीच असेल, तर खोली जितके अंश वर तितकाच प्रोसेसर साधारण वर. ज्यांचे व्हिडिओ बघून आपण लॅपटॉप घेतो ते लोक एसीत बसून चाचणी करतात. त्यांच्या २४ अंशांच्या खोलीत ८२ दिसलं, तर ३८ अंशांच्या खोलीत ९६ दिसणार. म्हणजे त्यांचा आकडाही खरा आणि तुमचाही.

एफपीएस_पुजारी | ८ मे, दुपारी २.००

दादा, एफपीएसला लगाम घातलाय का? मेनू उघडा असताना पण कार्ड २००-३०० फ्रेम काढत बसतं, उगाच. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट असतो, तिथे ६० किंवा ७२ टाका. १४४ हर्ट्झची स्क्रीन आहे म्हणून १४४ काढलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? (हो, माझं नाव बघून हसा.)

पासबुक | ९ मे, रात्री १२.४०

सर्वांचे आभार. आज बँकेतून आल्यावर एकेक करून बघितलं. खोलीचं तापमान रात्री अकराला ३६.

प्रयोग पहिला, टेबलावर जसा होता तसा. कमाल ९९, थ्रॉटलिंग होय, प्रोसेसरला ४० वॅटच्या आसपास, क्लॉक घसरून २.४ गिगाहर्ट्झ.

प्रयोग दुसरा, देवघरातला जुना पाट घेतला, त्यावर लॅपटॉप, मागच्या कडेखाली पाण्याच्या बाटलीची दोन बुचं. कमाल ९८. एका अंशासाठी आईची बोलणी खाल्ली.

प्रयोग तिसरा, पाट आणि बुचं ठेवून एफपीएस ६० वर बांधला. कमाल ९३. झटके बरेच कमी, पण आहेत.

खटपट्या | ९ मे, सकाळी ७.१५

पाटाच्या प्रयोगात क्लॉक किती होता ते लिहिलं नाहीत.

पासबुक | ९ मे, सकाळी ८.०५

अरे हो. २.९ होता. वॅट ४६.

खटपट्या | ९ मे, सकाळी ८.३०

मग आईंना सांगा की पाट कामाला आला. गाडी मर्यादेला टेकलेली असताना हवा वाढवली तर तापमान उतरत नाही, वेग वाढतो. प्रोसेसर मिळालेली सगळी जागा लगेच वापरून टाकतो. २.४ चे २.९ झाले, सहा वॅट जास्त पचले. कूलिंग पॅड घेऊन "दोनच अंश कमी झाले, पैसे वाया" म्हणणारे बहुतेक लोक इथेच चुकतात.

हवा आत येते खालच्या जाळीतून, बाहेर जाते मागून आणि बाजूने. खाली बोटभर जागा आणि मागे भिंतीपासून वीतभर अंतर, एवढं दिलं की पॅडचं बरंचसं काम झालं. गादीवर, गोधडीवर, मांडीवर लॅपटॉप ठेवणं म्हणजे तोंडावर उशी दाबणं.

आता प्रत्येक कोअरचं कमाल तापमान टाका. ते मागितलं होतं, आलं नाही.

उन्हाळी_सुट्टी | ९ मे, सकाळी १०.००

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर एका मिनिटात २० अंश उतरले. कुठलंही सॉफ्टवेअर नको.

एफपीएस_पुजारी | ९ मे, सकाळी १०.१०

ताई, हे म्हणजे डोकं दुखतं म्हणून डोकंच काढणं. १२७००एच ४.७ पर्यंत जातो, ९९ टक्के केलं की मूळ २.३ वर येऊन बसतो. मग आय७ कशाला घेतला?

उन्हाळी_सुट्टी | ९ मे, सकाळी १०.४५

भाचा फुटबॉलचा गेम खेळतो, त्याला फरक कळला नाही. ज्या गेममध्ये सगळं ओझं ग्राफिक्स कार्डावर असतं तिथे कळतच नाही. तुम्ही २४० एफपीएस मोजता, म्हणून तुम्हाला कळेल.

शंकासुर | ९ मे, सकाळी ११.३०

अंडरव्होल्ट करा ना सरळ. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर त्याच वेगाला साधारण १९ टक्के वीज वाचते. थ्रॉटलस्टॉप नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे.

खटपट्या | ९ मे, दुपारी १२.१०

गणित बरोबर, पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाली आणि तेव्हापासून इंटेलच्या एच मालिकेतल्या बऱ्याच लॅपटॉपांत व्होल्टेजला कुलूप असतं. यांच्यातही बहुधा असेल. पण थ्रॉटलस्टॉपमध्ये वॅटची मर्यादा बांधता येते. दीर्घ मुदतीची ४५, अल्प मुदतीची ६०, असं ठेवून बघा. ९९ टक्क्यांच्या कुऱ्हाडीपेक्षा हे बरं, कारण एक-दोनच कोअर लागतात तेव्हा प्रोसेसर वरचा वेग गाठू शकतो.

ग्राफिक्स कार्डाला मात्र आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममधून व्होल्टेज उतरवता येतं. नळ्या जोडलेल्या असल्या तर कार्ड थंड झालं की प्रोसेसरलाही तेवढा श्वास मिळतो.

बरका_फणस | ९ मे, दुपारी ३.३०

आमच्या रत्नागिरीत उकाडा वेगळा, पण लॅपटॉपचं दुखणं भलतंच निघालं. पंखा अडकत होता, उघडला तर आत मुंग्यांनी अंड्यांसकट संसार थाटलेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, जेवताना वापरता ना?"

अवांतर: पंखा साफ करताना ब्लोअरने नुसता फिरवू नये, दाताच्या काडीने पातं अडवून मगच हवा मारावी. वेडावाकडा जोरात फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

पासबुक | १० मे, रात्री १.२०

खटपट्या काका, कोअरचे आकडे घ्या. सहा मोठे कोअर आहेत त्यांचे कमाल: ८४, ८५, ९९, ८६, ८३, ८७. छोटे आठ सगळे ८० च्या आसपास.

व्होल्टेजला कुलूप आहे, तुम्ही म्हणालात तसंच. वॅट ४५ वर बांधले तरी तिसरा कोअर ९६.

खटपट्या | १० मे, सकाळी ७.००

आता मजा आली. पाच भाऊ ८५ च्या आसपास आणि एकटा ९९. चार-सहा अंशांचा फरक सगळीकडेच असतो, बारा-पंधराचा नाही. सगळ्या प्रोसेसरचा वेग तो एकटा कोअर घटवतोय, कारण मर्यादेला तोच टेकतो. असं होतं तेव्हा बहुधा त्या कोपऱ्यावर थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) नीट पसरलेली नसते, किंवा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) एका बाजूने बसलेला नसतो.

पण अकोल्याचा मे आहे, म्हणून घाईने निकाल देत नाही. एखाद्या एसीच्या खोलीत हाच प्रयोग करता येईल का? उन्हाचा दोष असेल तर सगळे सारखे उतरतील. बसवण्याचा दोष असेल तर तो एकटा वरच राहील.

वऱ्हाडी_ठेचा | १० मे, सकाळी ८.२०

ब्यांकेत एसी हाय ना तुमच्या!

पासबुक | १० मे, सकाळी ८.४०

बँकेत जीटीए खेळलो तर एसी कायमचा सुटेल. साडूकडे आहे. रविवारी बघतो.

पासबुक | १२ मे, रात्री १०.१५

साडूकडे जाऊन आलो. "सहज आलो" म्हणून लॅपटॉप, पाट आणि दोन बुचं घेऊन गेलो. पाट बघून मेहुणीला वाटलं की काही पूजा आहे.

एसी २५ वर. अर्धा तास खेळलो. बाकीचे कोअर ७२ ते ७६. तिसरा ९६. थ्रॉटलिंग होय.

थंडगार | १२ मे, रात्री १०.४०

झालं. खोली अकरा अंशांनी उतरली, पाच कोअर तितकेच उतरले, एक जेमतेम तीन अंश हलला. तुमच्या उन्हाची निर्दोष मुक्तता.

शंकासुर | १२ मे, रात्री ११.००

आठ-दहा स्क्रू असतात. उघडा, चांगली पेस्ट लावा, मिटवा. वीस मिनिटांचं काम.

खटपट्या | १३ मे, सकाळी ६.५०

शंकासुर, आपला जुना लॅपटॉप असता तर मीच सांगितलं असतं. पंधरा दिवसांच्या लॅपटॉपला हात लावू नये. वॉरंटी आहे, हीटसिंक बसवण्यातली चूक त्यांची आहे, निस्तरायची त्यांनी. पाहिलंय मी हे, उत्साही माणूस उघडतो, एखादी रिबन केबल उचकटते, मग कंपनी त्याच केबलकडे बोट दाखवते आणि मूळ दोष राहतो बाजूला.

आणि कुणीही इथे पेस्टऐवजी लिक्विड मेटल सुचवू नका, आधीच सांगतो. गॅलियमचं मिश्रण असतं, ॲल्युमिनियम खातं, थेंब बोर्डावर घरंगळला की शॉर्ट.

पासबुक, तक्रार करताना "लॅपटॉप तापतो" असं म्हणू नका. उत्तर ठरलेलं आहे. "एका कोअरचं तापमान बाकीच्यांपेक्षा वीस अंशांनी जास्त आहे, २५ अंशांच्या खोलीत ४५ वॅटला थ्रॉटल होतं, क्लॉक इतका पडतो" असं ईमेलवर लिहा, दोन्ही खोल्यांचे स्क्रीनशॉट जोडा. फोनवर बोलाल ते हवेत जातं.

पासबुक | १६ मे, रात्री ९.३०

तुमचं वाचायच्या आधीच दुपारी फोन केला होता, काय सांगू. ठरलेलंच उत्तर आलं: "सर, गेमिंग लॅपटॉप आहे, तापणारच. एसीत वापरा." मी म्हटलं, एसीतच वापरून बघितला. तर म्हणे, मग विंडोज परत टाका.

विंडोज परत टाकल्याने पेस्ट पसरते हे मला बँकेत कुणी शिकवलं नव्हतं. आता ईमेल केलाय, स्क्रीनशॉटसकट.

उन्हाळी_सुट्टी | १६ मे, रात्री ९.५०

आठवड्यात हालचाल झाली नाही तर १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आमच्या फ्रिजच्या वेळी तक्रार क्रमांक मिळाला त्याच्या तिसऱ्या दिवशी मेकॅनिक दारात. ईमेल जपून ठेवा, तिथे तोच लागतो.

पासबुक | २४ मे, रात्री ११.१०

१९१५ ची वेळ आली नाही. ईमेलला पाचव्या दिवशी उत्तर आलं, आज इंजिनिअर घरी येऊन गेला. पोरगा हुशार. स्क्रीनशॉट बघून म्हणाला, "काका, हे आधीच दाखवायचं होतं."

मागचं झाकण काढलं, हीटसिंक उचलला. प्रोसेसरच्या चकतीवर दोन तृतीयांश भागात करडी पेस्ट आणि एका कडेला चकती नुसती चकचकीत, कोरी. त्या बाजूचा हीटसिंकचा स्क्रू हाताने फिरत होता. म्हणजे दाबच नव्हता. त्याने पुसून नवी पेस्ट लावली, हीटसिंकवर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने थोडा थोडा करत सगळे स्क्रू आवळले. चाळीस मिनिटं. चहा दोनदा.

आता आकडे. खोली ३७, पाट आणि बुचं तीच, कुठलीही मर्यादा बांधलेली नाही. मोठे सहा कोअर ८४ ते ८९. थ्रॉटलिंग नाही. वॅट ५८. क्लॉक ३.६ च्या आसपास आणि तिथून हलत नाही. एफपीएस ९० म्हणजे ९०.

डब्ल्यूची कळ अजून गरम लागते, पण बोट राहतं.

खटपट्या | २५ मे, सकाळी ७.०५

वा. त्या पोराला कंपनीकडून फीडबॅक आला तर पैकीच्या पैकी द्या.

आता एफपीएस ७२ वर बांधून ठेवा, मे संपेपर्यंत तरी. आणि लॅपटॉप कायम चार्जरला राहणार असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी हे जोडपं चांगलं नाही, बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगूही शकते.

एफपीएस_पुजारी | २५ मे, सकाळी ११.४५

काका, हा धागा वाचून माझे कोअर बघितले. एक ९८, बाकी ८८. वॉरंटी डिसेंबरमध्ये संपली. मी ८ मेला "नॉर्मल आहे" लिहिलं होतं ना?

खटपट्या | २५ मे, दुपारी १२.३०

लिहिलं होतं. असो. तुमचं झाकण आता तुम्ही उघडू शकता. दोन वर्षांत साधी पेस्ट गरम-गार होऊन कडेला ढकलली जाते आणि मध्ये कोरडं पडतं. त्यामुळे पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम७९५० नावाची पातळ पट्टी मिळाली तर ती लावा. साधारण ४५ अंशांना मऊ होऊन भरून बसते, बाहेर ढकलली जात नाही. कापण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बोटाला चिकटून फाटते. नकली फार विकली जाते, दुकान बघून घ्या. झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढायची. पहिलं म्हणजे पहिलं.

एफपीएस_पुजारी | २५ मे, दुपारी १२.४०

वाखु (वाचनखूण) साठवली. रविवारी करतो. काही उडालं तर नवा धागा काढतो.

बरका_फणस | २५ मे, दुपारी ४.००

आत मुंग्या निघाल्या तर फोटो टाका.

वऱ्हाडी_ठेचा | २६ मे, सकाळी ८.००

पासबुक भाऊ, सगळं झालं, पन पाटाचं काय झालं थे सांगा.

पासबुक | २६ मे, रात्री १०.२०

आईने सकाळीच नेला. शेवया करायच्या आहेत, सोऱ्या ठेवायला तोच लागतो म्हणे. सध्या मुलाच्या दोन जाड वह्या मागच्या कडेला, मधली जागा मोकळी. आज कमाल ८८. म्हणजे लॅपटॉपचा नाही, पण वह्यांचा तरी अभ्यासाशी संबंध आला, असं बायकोला सांगितलं. तिने बघितलं फक्त.